सर म्हणतात

सोमवार, ५ जानेवारी
डोकं फिरलंय. आज ब्लॉक ऑफिसचे साहेब शाळेत आलते. तिसरीत प्रेमला टीचर पोरांना बेंचजवळच उभं करून टाळ्या, उड्या, बगळा असलं कायतर घेत होत्या. साहेब खूश. वर्गातल्या वर्गात व्यायाम, लई भारी, म्हणाले. माझी चौथी तोंडावर बोट ठेवून बसलेली. एकोणीस वर्षांची शिस्त! साहेबांनी डोकावूनसुद्धा बघितलं न्हाय. जिवाला लागलं. निपाणीहून या बाई येऊन दोन वर्षं झाली न्हाईत.

उत्तम शिक्षक म्हणून यंदा शाळेतनं एकच नाव जाणार. ते माझं. बाईंना धडा शिकवला न्हाय तर नाव नागेंद्र लावणार न्हाय.

मंगळवार, ६ जानेवारी
संकल्प: रोज एक नवीन खेळ. मोबाईलवर बघायची गरज न्हाय, खेळ रक्तात आहेत.

डोंगराला आग लागली, पळा पळा घेतला. पोरं पळाली. वर्गातनं, गेटातनं, थेट कंग्राळी गावच्या हरभऱ्यात. तासाभरानं अकराजण परतले, डहाळे खात. शेतमालक भांडायला आला. हेडमास्तर मारुतीरावांनी विचारलं, वर्गात खेळायचं तर आग कशाला लावलीत? गेट कुणी उघडं ठेवलं ते आधी बघा म्हटलं. खेळात खोट न्हाय.

प्रेमला टीचर हसल्या. लक्षात ठेवणार.

गुरुवार, ८ जानेवारी
बेडूकउडी करून दाखवली. खाली गेलो ते खालीच. चार पोरांनी उचललं. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या अंबुबाई म्हणाल्या, सर, तुमी खुर्चीवरचा खेळ बघा. फरशी निसरडी होती.

शनिवार, १० जानेवारी
देव पावला! साहेब २१ तारखेला प्रेमला टीचरांचा खेळ बघायला येणार. अट एकच, वर्ग दुसऱ्याचा पाहिजे. म्हणजे माझी चौथी!

प्लॅन तयार. खेळाचं नाव 'सर म्हणतात'. मी 'सर म्हणतात, उठा' म्हटलं तर उठायचं. नुसत्या 'उठा'वर जो उठला तो आऊट. बाईंना यातलं कायबी ठाऊक न्हाय. त्या उठा म्हणतील, पोरं ढिम्म. साहेबांसमोर नाक कापलं जाणार. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, त्या बाईनं तुमचं काय वाईट केलंय? बायकांना शाळेतलं राजकारण कळत न्हाय.

शुक्रवार, १६ जानेवारी
बाईंनी तिळगूळ दिला. गोड बोला म्हणाल्या. खाल्ला, गोड बोललो. सूड चालूच.

पोरं एकदम तयार. परवा घंटा झाल्यावर घरी जा म्हटलं तर एकजणबी हलंना. साईराज म्हणाला, सर, लई मजा याय लागलीया, शाळा सुटूच नये असं वाटतंय. एकोणीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. असो. मजा हा आपला विषय न्हाय.

बुधवार, २१ जानेवारी
साहेब मागं खुर्चीवर. मी दाराशी, इस्त्रीच्या शर्टात. बाई म्हणाल्या, उठा. कोण उठंना! पुन्हा म्हणाल्या. ढिम्म. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यांच्या. काय सांगू, जीव असा गार झाला! साहेबांनी कन्नडमध्ये सांगून पाहिलं. छ्या.

मग साहेब माझ्याकडं वळले. वर्गशिक्षक तुम्ही, तुम्ही उठवा. एवढा मोठा साहेब आपल्याशी बोलला, त्या गडबडीत मी रुबाबात म्हटलं, उठा रं.

कोण उठंना. दोनदा ओरडलो, बेंचवर छडी आपटली. साईराज हळूच गालात हसला. मला तेवढ्यात ते दोन शब्द आठवंनात.

बाईंनी विचारलं, प्रियदर्शनी, हा कुठला खेळ गं? त्या पोरीनं सगळं सांगितलं, अगदी नियमासकट. बाई म्हणाल्या, सर म्हणतात, उठा. अख्खी चौथी ताडकन उभी. सर म्हणतात, उड्या मारा. सर म्हणतात, सरांना टाळ्या द्या. पोरं बेभान. साहेबसुद्धा खुर्चीतनं उठून उड्या मारत होते.

शुक्रवार, २३ जानेवारी
नाव गेलं. प्रेमला टीचरांचं. साहेबांना त्यांनी सांगितलं म्हणे की खेळ नागेंद्र सरांचा आहे. साहेब म्हणाले, पण घेतला तुम्ही.

असला उपकार शत्रूनंसुद्धा करू नये. आता महिनाअखेरच्या शिक्षक कार्यशाळेत बघून घेतो.

शनिवार, ३१ जानेवारी
टिळकवाडीत तालुक्याची कार्यशाळा. तज्ज्ञ म्हणून प्रेमला टीचर. मारुतीरावांनी मला शिकायला पाठवलं. साठ शिक्षक सतरंजीवर. पहिला खेळ, सर म्हणतात. बाईंनी सगळ्यांना नियम सांगितला. नियम माझा, पोरं माझी, मी मान ताठ करून पहिल्या रांगेत.

बाई म्हणाल्या, उठा.

मी उठलो. मी एकटाच.