सुकेळी आणि सफरचंदाची दारू

उमेळे, वसई
दि. ११ जानेवारी १९९८

चि. हर्षवर्धन यास विलासदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

अत्यंत जड अंतःकरणानं कळवतो, की तू आपल्या गावच्या बेसिलबरोबर पाठवलेल्या पहिल्या बाटलीचं बूच काल दुपारी आपल्या स्वयंपाकघरात निधन पावलं. अर्धं सुरीला चिकटून आलं, उरलेलं आत बुडालं. ज्या देशाला वीस-वीस वर्षं दारू मुरवायला सवड आहे, त्याला बाटलीला फिरकीचं झाकण बसवायला सवड मिळू नये, याचा मी निषेध नोंदवतो. शेवटी चहाच्या गाळणीतून गाळली. तुझ्या वहिनीनं ती गाळणी लगेच चहाच्या सेवेतून निवृत्त केली.

आता मुद्दा. तुझी टिपणं वाचली. नॉर्मंडीची सफरचंदाची काल्वादोस आपल्या उन्हात वाळवलेल्या सुकेळ्यांबरोबर, गॅस्कनीची द्राक्षांची आर्मान्याक भुजिंगाबरोबर. शिवाय नॉर्मंडीचे लोक म्हणे भर जेवणात थांबून एक घोट घेतात आणि त्याला भोक पाडणं म्हणतात. त्यानं पुढच्या पदार्थांना पोटात जागा होते. आमच्याकडे जेवणाआधी आपोशन आणि जेवणानंतर उत्तरापोशन. मध्यापोशन मला कुठल्याही सूत्रात सापडलं नाही. तरी खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मोजून घेतलं. पहिला वास सफरचंदाचा आलाच नाही, पावसाळ्यानंतर उघडलेल्या लाकडी पेटीचा आला. मग सुकेळ्याचा तुकडा चावला, तेव्हा कुठे सफरचंद हजर झालं.

पण हर्षा, तू चार पानं भरून हे का विचारतोयस? आधी कुठला वास, मग कुठला, रिकाम्या पेल्याला दुसऱ्या दिवशी कुठला. कारखान्यात पिंपं हुंगून कुठली दारू कशात मिसळायची हे ठरवण्यासाठी तुला ठेवलंय. मला शाळेत संस्कृत शिकवायला. लहानपणी कुणाच्या वाडीत राजेळी केळ्यांचा घड पिकला हे तू आपल्या ओटीवर बसून सांगायचास. तो तू आता माझं नाक उसनं मागतोस? शेजारचे तुळशीदासकाका म्हणतात, तुला आपली वाडी मोडून दारूची भट्टी घालायची आहे. तुझ्या वहिनीला वाटतं, तू प्यायला लागलास. मला दोन्ही पटत नाही, म्हणून जास्तच संशय येतो. तुझ्या जिवाला काही झालं असेल तर ते आम्हाला कळलं पाहिजे. खरं काय ते लिही.

कळावे. लोभ आहेच, संशयानं तो कमी होत नाही.

तुझा,
दादा


नॉर्मंडी
दि. ३० जानेवारी १९९८

ती. दादा आणि सौ. जयवंतीवहिनी यांस शि. सा. न. वि. वि.

बुचाच्या दुःखात मी सहभागी आहे. ते काढायला एक मळसूत्री हत्यार मिळतं, पुढच्या खेपेला पाठवतो. काकांना सांगा, वाडीतल्या एकाही केळीला हात लावणार नाही. वहिनींना सांगा, मी कामावर घोट तोंडात घोळवून थुंकतो आणि घरी बाटली ठेवत नाही.

कारण साधं आहे. आमचे साहेब एक पुस्तिका काढताहेत, कुठल्या दारूबरोबर कुठल्या देशाचं काय खावं अशी. तुमचं पेटीचं वाक्य मी त्यांना फ्रेंचमध्ये वाचून दाखवलं. ते भलतेच खूश झाले. हल्ली तूसुद्धा असं लिहीत नाहीस, म्हणाले. तर दादा, भुजिंगाचंही लिहा, आणि एकही वास गाळू नका.

बेसिलनं आणलेल्या बाटल्यांच्याच खोक्यात लाल आणि निळा दोरा बांधलेल्या दोन कुप्या आहेत. दोन्ही काल्वादोसच, पण वेगवेगळ्या पिंपांतल्या. कुठली चांगली, ते कळवा. जरा घाई आहे.

प्रकृतीची काळजी नसावी. नोव्हेंबरातला ताप केव्हाच गेला. बेसिल परत निघेल तेव्हा त्याच्याबरोबर थोडी सुकेळी पाठवाल का?

लोभ आहे तसाच राहू द्यावा, ही विनंती.

आपला,
हर्षवर्धन


उमेळे
दि. १५ फेब्रुवारी १९९८

चि. हर्षवर्धन यास अनेक आशीर्वाद.

आगाशीहून भुजिंग आणवलं. कोळशावर भाजलेली कोंबडी, तिखट पोहे आणि वर तुझी आर्मान्याक. तिला काळ्या मनुकांचा वास आहे आणि मागून विझत्या चुलीचा. भुजिंगाशी तिची जुनी ओळख असावी. तुळशीदासकाका वास घ्यायला म्हणून आले आणि तीन टोपणं घेऊन गेले. भट्टीला असलेला त्यांचा विरोध आता बराच सौम्य झाला आहे.

लाल दोरा उत्तम. निळ्याला आंबल्या ताकाचा वास आहे, मी तरी ते पिंप कशात मिसळणार नाही. पण पुस्तिकेला पिंपांचा निकाल कशाला लागतो, हे तू लिहिलेलं नाहीस. माझ्या वर्गातली मुलं याहून बरी थाप मारतात.

बेसिल आज निघतोय. वहिनीनं सुकेळी डब्यात भरून दिली आहेत. मिळाल्याचं कळव, आणि लोभाबरोबर थोडा खरेपणाही ठेव.

तुझा,
दादा


नॉर्मंडी
दि. ९ मार्च १९९८

ती. दादा-वहिनींस शि. सा. न.

डबा पोचला. झाकण उघडलं आणि सगळी खोली उमेळ्याच्या वासानं भरून गेली. मधाचा वास, उन्हाचा वास, केळीच्या सुक्या पानाचा वास. वहिनींच्या हाताला तोड नाही. निळ्या दोऱ्याचं पिंप साहेबांनी वेगळं काढलं, तुमचं मत अगदी बरोबर निघालं. आणखी सहा कुप्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवतोय.

कृपालोभ असाच चालू ठेवावा.

आपला,
हर्षवर्धन


उमेळे
दि. २२ मार्च १९९८

चि. हर्षवर्धन यास आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं, मग तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं.

त्या दिवशी बेसिल दारात उभा, रस्त्यावर रिक्षा खोळंबलेली. घाईघाईत तिनं सुकेळी ज्या डब्यात भरली, त्यात आदल्या दिवसापर्यंत सुके बोंबील होते. डबा कोरड्या फडक्यानं पुसला, बस. तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं. बेसिलनं पॅरिसहून त्याच्या आईला फोन केला, की बॅगेतले दोन स्वेटर टाकून द्यावे लागले. आम्ही तुझ्या शिव्यांची वाट पाहत होतो. वहिनीनं माफीचं पत्रसुद्धा लिहून ठेवलं होतं. आणि तुला मधाचा वास आला.

अनुमान करायला न्यायशास्त्र लागत नाही. नोव्हेंबरातल्या तापानं तुझं नाक गेलं. तू ते कुणाला सांगितलं नाहीस, आणि उमेळ्याचा संस्कृतचा मास्तर फ्रान्सची पिंपं पास-नापास करत बसला. ही कीर्ती मला शाळेत सांगताही येत नाही.

कुप्या आल्या तरी मी उघडणार नाही. रागावलो म्हणून नव्हे. साहेबांना खरं सांग, डॉक्टरला नाक दाखव. ते परत आलं तर उत्तम. नाही आलं आणि नोकरी गेली, तर सरळ घरी ये. त्याची मला चिंता नाही.

चिंता दुसरी आहे. तू एकटा राहतोस, गॅसवर स्वतः रांधतोस. परवा इथे दूध करपलं. मी बाहेर वह्या तपासत होतो, वासानं उठून धावलो. तुला तो वास येणार नाही. उघडा राहिलेला गॅसही कळणार नाही. तुझं पत्र माझ्या हातात पडतं तेव्हा ते दहा दिवसांचं जुनं असतं. त्या दहा दिवसांत तू नीट आहेस की नाही, हे मला ठाऊक नसतं. मला भीती वाटते, हर्षा. काकांकडे फोन आहे. हे वाचताक्षणी कर.

तुझा,
दादा