लाल दिव्याची वायर

निमेश,

जीपचा ऑइल पंप चांगला आहे, नवा आणू नकोस. इंजिन तापल्यावर गेज लावलं, तर ऑइलचं प्रेशर जवळजवळ शून्य. इंजिनखालचं ऑइलचं चेंबर उतरवून पाहिलं. गळती थांबवायला तू सांध्यांवर थापलेलं सिलिकॉन सुटून पंपाच्या जाळीत अडकलं होतं. जाळी धुऊन ठेवली आहे.

इथवर मी रागावले नव्हते. पण ऑइलचं प्रेशर कमी झाल्याचा लाल दिवा लागू नये म्हणून तू त्याची वायरच कापलीस? आणि त्याच गाडीतून आईला आठवडाभर मासळी घेऊन मासवणच्या बाजाराला नेलंस? हायवेवर इंजिन जाम झालं असतं तर?

काल ती कौतुकाने सांगत होती, "दिवा लागत नाय आता. निमेशनं गाडी बरी केली."

आज तिला एसटीने पाठवलं. का, ते मी सांगितलेलं नाही. तूच सांग.

ताई