सोबतीला दिलेली मुलगी

२२ जून
चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. बिट्टी सुखरूप आहे. वेळेवर जेवते, सांगितलेलं ऐकते. इतकं ऐकते की त्याचीच काळजी वाटते. तिची आई गेल्यापासून ती रडली नाही म्हणालास, इथेही नाही. संध्याकाळी माझ्या शिलाई मशीनपाशी बसून बटणं निवडून देते, बस्स.
मधल्या सुट्टीत ती पाण्याच्या नळापाशी एकटीच उभी असते म्हणे. वर्गशिक्षिकेने एक मुलगी तिच्या सोबतीला दिली आहे. उंच, अखंड बडबडी. मी तिचं नाव रेडिओ ठेवलंय. वाचनालय कुठे, कोणत्या बाईंच्या नाकावर राग असतो, सगळं दाखवते. बिट्टी नुसती मान हलवते.
तू कसा आहेस? नुसतं ठीक आहे लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.
तुझी ताई

३० जून
ती. ताईस सा. न.
ठीक आहे. रागावू नकोस, दुसरा शब्द सापडत नाही. बंदरावर क्रेनच्या केबिनमध्ये बसतो, कंटेनर उचलतो, ठेवतो. तिथे वर बोलायला कोणी नसतं, ते बरं पडतं. घरी आलो की दिवा लावायचं राहून जातं. दात काढताना हिरडी बधिर करतात ना, तसं आहे. ओढलेलं कळतं, दुखत नाही.
बिट्टीला पत्र लिहायला घेतो, पण नावापुढे काही सुचत नाही. मी विचारलं म्हणून सांग. तुझी माया आहे, तेवढ्यावर चाललंय.
भाऊ

२ ऑगस्ट
चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद. परवा बिट्टीने मला विचारलं, माझ्याजवळ बसायचे रेडिओला मार्क मिळतात का? मी म्हटलं, तिलाच विचार. तर ही खरंच विचारून आली! रेडिओ म्हणाली, "आधी बाईंनी सांगितलं म्हणून बसायचे. आता तू नसलीस की मला करमत नाही." जेवताना बिट्टीने हे मला सांगितलं. इथे आल्यापासूनचं तिचं सगळ्यात लांब बोलणं.
आता रेडिओ घरी येते. तिच्या बडबडीत काल मी एक बाही उलटी जोडली. बिट्टी हसली असं म्हणणार नाही, पण तिने तोंड फिरवलं.
जिवाला जप.
ताई

२० सप्टेंबर
ती. ताईस सा. न.
मला आता खालचं काम मिळालं आहे, फक्त दिवसपाळी. दोन खोल्या मिळाल्यात, शाळा जवळ आहे. सत्र संपलं की बिट्टीला कायमची घेऊन येतो. मुलीने बापापाशी असावं. तू खूप केलंस.
भाऊ

१ ऑक्टोबर
ती. बाबांना शि. सा. न.
आत्याने तुमचं पत्र मला दिलं आणि उत्तर तूच लिही म्हणाली. ती सकाळपासून मशीनवरून उठलेली नाही.
आमच्या वर्गात एक नवी मुलगी आली आहे. बाईंनी ती माझ्याकडे दिली. ती बोलत नाही, मीही फार बोलत नाही, रेडिओ तिघींचं बोलते. त्या नव्या मुलीने एकदाच विचारलं, इथे आवडायला लागतं का? मी म्हटलं, माहीत नाही, पण डबा एकटीने खावा लागत नाही.
तुम्ही डबा कोणाबरोबर खाता ते कधी लिहिलं नाहीत. आता खाली माणसं असतील. कोणाच्या तरी शेजारी जाऊन बसा. बोलावं लागतंच असं नाही.
सुट्टीत मी येते. शाळा उघडायच्या आधी मला परत सोडा.
तुमची बिट्टी

९ ऑक्टोबर
चि. बिट्टीस अनेक आशीर्वाद.
आज डबा घेऊन कामावरच्या एका वेल्डरच्या बाकावर बसलो. तो सरकला. घरी कोण कोण, असं त्याने विचारलं. बायको गेली म्हटलं. एक मुलगी आहे, ती बहिणीकडे शिकते. एवढं बोलण्यात जेवणाची सुट्टी संपली. डबा निम्मा तसाच राहिला.
तुझी येण्या-जाण्याची दोन्ही तिकिटं काढली आहेत. आत्याला सांग.
बाबा