वर्षातून एक दिवस बंद राहणारी वाट

मी, खाली सही करणारी ईवा सॅम्युअल झिराडकर, वय चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार क्लेफर्ड, बर्कशायर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या भाषेत लिहीत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, डोकं जागेवर आहे. डॉक्टरांनी दोन्ही तपासून पाहिलं आहे. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. मी रागात आहे हे मात्र खरं, आणि राग उतरल्यावर लिहायचं ठरवलं असतं तर हा कागद कधीच झाला नसता.

यापूर्वी केलेलं इंग्रजी मृत्युपत्र मी रद्द करते. ते वकीलबाई मिसेस हॉलंड यांनी टाइप केलं होतं. नेटकं होतं, पण त्यात माझं म्हणून एक वाक्य नव्हतं. मराठीत लिहिलेलंही इथल्या कायद्याला चालतं, असं त्यांनीच मला सांगितलं. अंमलबजावणी त्याच करतील. माझा एकुलता एक मुलगा ऍरन याला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. म्हणून माझ्यामागे हा मजकूर त्याला मोठ्याने वाचून दाखवावा, आणि त्याने मध्येच फोन बघू नये.

कलम १. मला माझे पती सॅम्युअल यांच्या शेजारी पुरावं. भाषणं नकोत. क्लेफर्डच्या रहिवासी संघाकडून कुणी चार शब्द बोलायला उभं राहिलंच, तर त्याला खाली बसवावं.

कलम २. बँकेत जे असेल ते माझी नात टालिया हिला शिक्षणासाठी द्यावं. आमचं मुंबईहून आणलेलं मलिद्याचं मोठं ताटही तिचंच. तिचं लग्न ठरेल तेव्हा त्यात मलिदा करावा आणि पोहे जाडे घ्यावेत, पातळ पोह्यांचा लगदा होतो. शिलाई मशीनही तिने घ्यावं. परवा मला म्हणाली, "आजी, माझा मशीन मी कुणाला देणार नाय." मशीन ‘माझा’ की ‘माझं’ ते मी सुधारलं नाही, कारण पोरीने ते आधीच आपलं म्हटलं होतं.

कलम ३. राहतं घर ऍरनला. मात्र मागच्या अंगणातल्या नासपतीच्या झाडाची फळं दरवर्षी मॉरीन डूलन यांना हवी तितकी तोडू द्यावीत. त्या कोण, ते पुढे येईल.

आता घराबद्दल लिहिते, म्हणजे गावाबद्दलही लिहावं लागेल.

क्लेफर्ड हे रीडिंग आणि ब्रॅकनेलच्या मधलं गाव. इथली माती विटांना चांगली, म्हणून इथे भट्ट्या होत्या, आणि विटांसाठीच रेल्वे आली. लंडनच्या कितीतरी घरांत क्लेफर्डची माती आहे. माती संपली तशा भट्ट्या गेल्या आणि त्याच गाड्यांतून माणसं लंडनला जाऊ लागली. मातीच्या खाणीत पाणी साठलं, त्यात बदकं सोडली आणि काठावरच्या घरांच्या किमती वाढल्या. मग लंडनमधून बॉम्बहल्ल्यात घर गेलेले लोक आले, मग कॉम्प्युटरवाले आले, आता पुण्या-मुंबईची व्हिसावाली मुलं येतात. गाव कुणाचं असं विचाराल तर सगळे म्हणतात, आमचं. राहतं मात्र इथे कुणी नाही. सगळे इथे झोपतात. सकाळी फलाटावर प्रत्येकाची उभं राहायची जागा ठरलेली. एकमेकांच्या छत्र्या ओळखतात, नावं ओळखत नाहीत. हे मी आकसाने लिहीत नाही, माझे पती त्यांच्यातच उभे राहत. वॉटर्लूजवळच्या एका कचेरीत ते नकाशे काढायचं काम करीत.

आमचं घर म्हणजे भट्टीच्या व्यवस्थापकाचं जुनं घर. १९७१ साली घेतलं तेव्हा त्याबरोबर एक चिंचोळी पट्टी आली. पूर्वी तिच्यावरून विटांच्या ढकलगाड्या स्टेशनात जात. आमच्या कुंपणाकडून निघून ती थेट फलाटाच्या पुलाशी पोचते. तिच्यावरून गेलं तर चार मिनिटं, मिल लेनने वळसा घातला तर पाऊण मैल. लोक आमच्या आधीपासून तिच्यावरून जात होते. सॅम्युअल म्हणाले, जाऊ देत.

तेव्हाच्या वकिलाने त्यांना बजावलं होतं. इथला कायदा असा, की एखाद्या वाटेने लोक वीस वर्षं बिनहरकत चालत राहिले तर ती सार्वजनिक होते. मालकाला ती आपली ठेवायची असेल, तर त्याने वर्षातून एक दिवस तरी फाटक लावावं आणि आल्यागेल्याला सांगावं की आज बंद. सॅम्युअलनी दिवस कोणता निवडला? नाताळ! त्या दिवशी गाड्या बंद, कचेऱ्या बंद, गाव टर्की भाजण्यात गुंतलेलं. शिवाय आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू, तो आमचा सण नाही, त्यामुळे फाटकाशी उभं राहायला हा माणूस मोकळा. मी म्हटलं, "अहो, कुणी यायचंच नाही त्या दिवशी फाटक लावून उपयोग काय?"

"कुणाची गैरसोय होत नाही, हाच उपयोग," ते म्हणाले.

"मग वाट सोडून द्या की गावाला."

"आपली राहिली तरच आपण देऊ शकतो ना, ईवा. नाहीतर ते नुसतं घेणं झालं."

असे आम्ही झिराडकर. भल्या माणसाने भलेपणा किती करावा याला काही मर्यादा असावी, असं मला तेव्हाही वाटे आणि आज तर फारच वाटतं.

तेहतीस वर्षं त्यांनी ती वाट झाडली. पानगळीत पानं काढली, बर्फ पडला की उजाडायच्या आधी मीठ टाकलं, खाजकुयली छाटली, वळणावर आमच्या विजेवर दिवा लावला. एकदा एक बाई त्यांच्यावर ओरडली, "तीन दिवस दिवा बंद आहे, काउन्सिल झोपलंय का?" हे टोपी काढून म्हणाले, "सॉरी मॅडम, आज बघतो." घरी येऊन बल्ब शोधू लागले. मी संतापले, त्यांना हसू आवरत नव्हतं. २००४ साली ते गेले तेव्हा त्या वाटेने जाणाऱ्यांपैकी एकजणही दारात आला नाही. पण दिवा गेला म्हणून काउन्सिलकडे तक्रारी गेल्या, हे मला नंतर कळलं.

कलम ४. वाटेचं पुढे काय झालं ते नोंदवून ठेवते, म्हणजे कलम ६ मध्ये मी शहाण्यासारखं वागले की नाही ते वाचणाऱ्याला ठरवता येईल.

गेल्या वर्षी एका बिल्डरने ऍरनला गाठलं. स्टेशनालगत फ्लॅट बांधायचे, वाट फक्त तिथल्या रहिवाशांसाठी, चावीचं फाटक. ऍरन मला म्हणाला, "आई, बी प्रॅक्टिकल. इट्स अ स्ट्रिप ऑफ टारमॅक. बाबा नाहीत आता. तू सेल कर आणि आमच्याजवळ रीडिंगला ये." मी नाही म्हटलं. पण बातमी फुटली आणि गाव खडबडून जागं झालं. रहिवासी संघाने अर्ज केला की ही वाट मुळातच सार्वजनिक आहे.

माझ्याकडे कुणी आलं नाही. हे मी ठळक लिहिते. चार घरं पलीकडे राहणारे लोक, दार वाजवून "मिसेस झिराडकर, वाट आम्हाला द्याल का?" एवढं म्हणाले असते तर चहा पाजून दिली असती. पण मागण्यासाठी कुणाची तरी आहे असं मानावं लागतं.

चर्चच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. लंडनहून निरीक्षक आले होते. एकेकजण उठला आणि वर्षानुवर्षं आम्ही इथून चालतो, कधी कुणी अडवलं नाही, असं सांगून बसला. संघाचे अध्यक्ष क्लाइव्ह पेनफोल्ड शेवटी उठले. निरीक्षकांनी विचारलं, "या वाटेचा कुणी मालक आहे असं तुम्हाला कधी जाणवलं?"

"कधीच नाही," पेनफोल्ड म्हणाले. "वाट नेहमी उत्तम राखलेली असे. काउन्सिलचा एक एशियन माणूस झाडायला यायचा. अगदी सज्जन. नाव माहीत नाही."

मी दुसऱ्या रांगेत बसले होते. काउन्सिलचा माणूस! ब्राउन माणसाच्या हातात झाडू दिसला की तो नोकरच असणार, मालक आपल्या वाटेची पानं काढत असेल हे यांच्या डोक्यात शिरायलाही जागा नाही. झाडणं हे हलकं काम नाही, माझा राग त्याचा नाही. तेहतीस वर्षं ज्याने टोपी काढून नमस्कार केला त्याचं नाव विचारावंसं वाटलं नाही, राग त्याचा आहे. आणि हे बोलणाऱ्या गृहस्थांच्या पॅन्टी मी तीनदा कमरेत सैल करून दिल्या आहेत, आणि ते आमच्याच घराच्या पुढच्या दाराने येऊन त्या घेऊन गेले आहेत.

आमची बाजू कच्ची होती. नाताळच्या दिवशी फाटक लावलं हे मी सांगितलं, तर त्यांचा वकील गोड हसून म्हणाला, "म्हणजे ते कुणी पाहिलंच नाही." कायद्यात लोकांना कळेल असं बंद करावं लागतं. सॅम्युअलचा भलेपणा आमच्या मुळावर आला होता.

तेवढ्यात मागून एक बाई उठल्या. मॉरीन डूलन, रीडिंगच्या इस्पितळात रात्रपाळीच्या नर्स होत्या, आता निवृत्त. म्हणाल्या, "मी पाहिलंय. नाताळच्या सकाळी ड्यूटी संपली की कुणीतरी मला गाडीतून स्टेशनापाशी सोडायचं. पाय तुटायला आलेले, आणि फाटकाशी हा टोपीवाला उभा. म्हणायचा, मॅडम, ही माझी खाजगी वाट आहे, आज बंद आहे, उद्या जरूर या. वर हातात करंज्यांचा डबा द्यायचा. मी मिल लेनने जाताना दरवर्षी त्याला शिव्या घातल्यात. मिस्टर झिराडकर. ज्याला इतक्या शिव्या घातल्या त्याचं नाव मी कसं विसरेन?"

हॉलमध्ये लोक हसले. निरीक्षक हसले नाहीत, त्यांनी लिहून घेतलं. गेल्या महिन्यात निकाल लागला. वाट खाजगी, मालक आम्ही.

कलम ५. निकालानंतर आठवड्याने पेनफोल्ड माझ्या दारात आले. मला वाटलं, माफी मागायला. हातात राखाडी पॅन्ट होती. "नो हार्ड फीलिंग्ज, ईवा. जरा कमरेत सैल करशील?" मी ती ठेवून घेतली. ती माझ्या कपाटात डाव्या बाजूला आहे. माझ्यामागे ती त्यांना जशीच्या तशी, एक टाकाही न उसवता परत करावी.

कलम ६. वाट. हिच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

ऍरन, तुला ती हवी आहे, कारण आता तिला चांगला भाव आहे. तू वाईट मुलगा नाहीस. पण चावीचं फाटक लागलं तर सकाळी मिल लेनने पळत गाडी गाठणारी बाई पोराला शाळेत सोडून आलेली असेल, आणि तिने आपलं काही वाईट केलेलं नाही. तुझ्या वडिलांनी मीठ टाकलं ते तिचा पाय घसरू नये म्हणून. तेव्हा ती तुला देत नाही.

गावाला द्यायचीही मला इच्छा नव्हती. कितीतरी दिवस मनात होतं की तिथे काटेरी तार लावावी आणि बघत बसावं. ते करवत नाही. सॅम्युअलना द्यायची होती, म्हणून मी देते. सदर वाट क्लेफर्डच्या टाउन काउन्सिलला, लोकांनी पायी जाण्यायेण्यासाठी, विनामूल्य आणि कायमची दान देत आहे. तिच्यावर बांधकाम होऊ नये, दिवा रोज लागावा, पानं वेळेवर काढावीत.

एका अटीवर. आमच्या घरातला प्रत्यक्ष अनुभव असा, की हजारो लोकांची सोय केली त्यांतल्या एकालाही सॅम्युअल आठवले नाहीत. आठवले ते जिची वाट अडवली तिला. त्यातून मी शिकले आहे. म्हणून दरवर्षी ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी सहा ते दहा, फाटक बंद ठेवावं. सुट्टीचा दिवस चालणार नाही. पाऊस असेल तर उत्तमच. फाटकाशी एका जबाबदार माणसाने उभं राहावं आणि येणाऱ्या प्रत्येकाला, पाटी लावून नव्हे, तोंडाने सांगावं: "ही वाट सॅम्युअल झिराडकर यांनी दिली आहे. आज बंद आहे. मिल लेनने जा." ज्या वर्षी हे होणार नाही, त्या वर्षी दान रद्द होऊन वाट ऍरनकडे जाईल, आणि त्याने ती खुशाल बिल्डरला विकावी.

पहिल्या वर्षी फाटकाशी श्री. क्लाइव्ह पेनफोल्ड यांनी जातीने उभं राहावं. झिराडकर हा उच्चार त्यांना जमेपर्यंत टालियाने त्यांच्याकडून घोकून घ्यावा. येणाऱ्यांच्या गाड्या चुकतील, मीटिंगा बुडतील, भिजलेल्या बुटांनी वळसा घालताना लोक शिव्या देतील. द्याव्यात. सॅम्युअलचं नाव घेऊन द्याव्यात.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील दोन साक्षीदार एकाच वेळी समोर बसलेले असताना त्यावर सही केली आहे. दोघे शेजारी भाड्याने राहतात, मूळ पुण्याचे, ब्रॅकनेलला नोकरीला. त्यांना यातून काहीही मिळणार नाही. चहा मिळाला आहे.

सही: ईवा सॅम्युअल झिराडकर

साक्षीदार १: अक्षया परीक्षित गोडसे (सही)
साक्षीदार २: परीक्षित रघुवीर गोडसे (सही)

स्थळ: क्लेफर्ड, बर्कशायर
दिनांक: १९ मार्च २००७, सोमवार