श्रीपालअण्णांच्या उसातला गवा

बिद्री,
११ फेब्रुवारी २०२५

चि. प्रीतीस,
बाबासोमामाचा सप्रेम जय भीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही इकडं धडधाकट आहोत. तू वणव्याच्या दिवसांत रानात आहेस, तेवढाच घोर. तुझ्या चौकीवर फोन लागत नाही, म्हणून ही चिठ्ठी राधानगरीच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देतोय.

पोरी, गवा आलाय! आपल्या बिद्रीत, दूधगंगेच्या काठाला, श्रीपालअण्णांच्या उसात! तीस वर्षं शाळेत पोरांना चित्रातला गवा दाखवला आणि आज सकाळी तो माझ्यापासून पंधरा पावलांवर उभा होता. काळाभोर, तेल लावलेल्या पैलवानासारखा तकतकीत, पायांत पांढरे मोजे. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी चष्मा पुसला. परत बघितलं तर तो उसात शिरलाही होता.

मी तडक ग्रामपंचायतीत गेलो आणि भोंग्याचा माईक हातात घेतला. उसाकडं जाऊ नका, एवढंच सांगायचं होतं. पण आवाज असा लागला, की गवा म्हणजे काय, जंगल म्हणजे काय, या नदीकाठानं त्याच्या जातीची वाट कशी होती आणि आपण ती कशी नांगरून खाल्ली, हे सगळं बोलून झालं तेव्हा पंचवीस मिनिटं गेली होती. दुपारपर्यंत तीन गावांची माणसं बांधावर! तुझी मामी म्हणते, की जाऊ नका हे तुम्ही इतकं रंगवून सांगितलंत की न जाऊन कुणाला भागेना.

आता पुढं काय करावं ते लगेच कळव. मामावर लोभ आहेच, तो या गव्यावरही असू दे.

तुझा,
बाबासोमामा


दाजीपूरच्या वरची चौकी,
१२ फेब्रुवारी

ती. मामांस,
प्रीतीचा सविनय जय भीम. वि. वि.

चिठ्ठी उभ्या उभ्या वाचली. गवा आलाय इथपर्यंत मी नाचत होते. भोंग्यापाशी आले आणि डोकं धरून खाली बसले. भाचीनं मामावर रागावू नये, पण वनरक्षकानं रागावलं तर चालतं ना? मग ऐका.

मामा, गवा थंडी काढतो, उन्हाळा काढतो, वेळ आली तर वाघासमोर उभा राहतो. माणसांचा कालवा मात्र त्याला सोसत नाही. आरडाओरडा करून त्याला पळवला, की पळून पळून त्याच्या अंगातलं रक्तच बिघडतं. त्या दिवशी तो उभा दिसतो आणि दुसऱ्या दिवशी आहे तिथं कोसळतो. गोळी नाही, काठी नाही, नुसत्या गर्दीनं मेलेले गवे आमच्या खात्यानं उचललेत.

त्याला हाकलायला लागत नाही. नदीकडची बाजू पूर्ण मोकळी ठेवा. कुत्री बांधा. दिवस मावळताना तो आपणहून निघेल आणि नदी धरून वर येईल. त्या वेळेला तासभर गाव गप्प पाहिजे. खोकलासुद्धा नको. इथं वणवा अडवायचे पट्टे जाळायचं काम जोरात आहे, मला रजा नाही. साहेबांनी तुमच्याकडं चार माणसं पाठवलीत. हजार माणसांना चौघं कशी आवरणार? ते काम तुमचं. आणि मामा, या वेळी भोंग्याविना!

मामींना नमस्कार. रागावले त्याबद्दल माझा कान धरा, पण माया पातळ करू नका.

तुमची,
प्रीती


बिद्री,
१३ फेब्रुवारी, सकाळी सहा

चि. प्रीतीस, जय भीम. वि. वि.

तुझं पत्र काल संध्याकाळी आलं. घात त्याच्या आधीच झाला होता.

दुपारी पोरांनी शिट्ट्या सुरू केल्या. बैलगाडीच्या शर्यतीत करतात तसला गलका. तो उसातून उसळला, बांधाला दोन फेऱ्या मारल्या, आणि वैरण कापत असलेली आपल्या वस्तीतली बायडाबाई त्याच्या वाटेत सापडली. शिंग लागलं नाही. धक्क्यानं पाटात पडली आणि उजवा हात मोडला. गवा पुन्हा उसात शिरला तेव्हा त्याच्या तोंडाला फेस होता.

आता गाव पेटलंय. बायडाबाईचा ऋतुराज म्हणतो, की माझ्या आईला पाडलंय, मी न्हाय सोडत. आज सांजेला तीन ट्रॅक्टर घालून उसातनं बाहेर काढणार. श्रीपालअण्णांची आज तोडणी होती. त्यांनी टोळी परत पाठवली आणि म्हणाले, की खाऊ दे त्याला, ऊस परत उगवंल, जीव उगवत न्हाय. त्यावर पोरं त्यांना हसली.

दोष माझा आहे. चाळीस वर्षं मी लोकांना जागं करायला ओरडलो. गप्प कसं करतात, ते मला कुणी शिकवलं नाही. रात्रभर भाषण जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्य मोठ्यानं म्हणायचंच निघत होतं.

सकाळच्या गाडीनं हे पाठवतोय. दुपारच्या गाडीनं दोन ओळी तरी धाड. तुझ्यावर जीव असलेला,

बाबासोमामा


चौकी,
१३ फेब्रुवारी

ती. मामांस, जय भीम.

कंडक्टर खाली थांबलाय. फेस आला म्हणजे त्याच्यात आता एका पळण्याचंही बळ उरलेलं नाही. आज ट्रॅक्टर घातले तर तो उद्या मरणार, हे लिहून घ्या. आज त्याला शांतपणे जाऊ दिलं तर जगेल. मधलं काही नाही.

तुम्हाला बोलून जमत नसेल तर ज्याचं गाव ऐकेल अशा माणसाला पुढं करा. घाईत लिहितेय, अक्षराला हसू नका.

तुमचीच,
प्रीती


बिद्री,
१४ फेब्रुवारी

चि. प्रीतीस,
जय भीम, जय भीम, आणि परत एकदा जय भीम!

गेला गं पोरी, गेला! जिवंत, आपल्या चार पायांनी गेला! तुमची माणसं आज सकाळी ठसे बघत गेली होती. नदी ओलांडून डोंगराला लागलाय, वाटेत चरलाही आहे, असं सांगत आली. चरला म्हणजे धोका टळला, असं ते म्हणतात. खरं ना? खरंच असणार!

आता नीट सांगतो. तुझं दुपारचं पत्र खिशात घातलं आणि बायडाबाईच्या घरी गेलो. प्लॅस्टरचा हात गळ्यात, बाई भिंतीला टेकून बसलेली. मी भाषण केलं नाही. तुझं पत्र वाचून दाखवलं आणि एकच गोष्ट बोललो. आपल्या आज्यापंज्यांना या गावच्या वाटेवरनं हाकललं होतं. वाट अडवली की जीव कसा घुसमटतो ते आपल्याला कुणी सांगायला नको. आपण तरी कुणाची वाट अडवू नये.

ती म्हणाली, की बाबासो, त्यो मला मारायला न्हवता आला, त्यो पळत हुता. मी त्याचं डोळं बघितल्यात. आणि म्हणाली, मला उठव, बांधावर ने.

पाच वाजता ट्रॅक्टर आले. बांधाच्या तोंडाला, अगदी मधोमध, बायडाबाई घोंगडं टाकून बसली होती. ऋतुराजनं हॉर्न वाजवला. ती हलली नाही. तो खाली उतरला, आईवर चिडला. तिनं त्याला सगळ्यांदेखत सुनावलं, की पडले मी, हात मोडला माझा, आन् बोंबलाय तुला काय झालंय? मी गप हाय तर तूबी गप. हिम्मत असंल तर माझ्या अंगावरनं ने ट्रॅक्टर.

त्यानं परत वर चढून चावी फिरवली. मागच्या दोघांनीही फिरवली. इंजिनं बंद झाली आणि पोरी, त्या शांततेत पाटातलं पाणी ऐकू यायला लागलं. बाया-माणसं एकेक करून बायडाबाईच्या मागं बसत गेली. पोरांनी मोबाइल खिशात घातले. श्रीपालअण्णा हात जोडून उभे. आठशे माणूस असेल. कोल्हापूर जिल्ह्यात आठशे माणूस एका जागी आणि आवाज नाही! मी असली सभा बघितली नव्हती.

दिवस टेकला तसा ऊस हलला. आधी शिंगं, मग ते कपाळ, मग अख्खा डोंगर. तो थांबला. आमच्या सगळ्यांकडं बघितलं. एक लहानगी रडायच्या बेतात होती, तिच्या आईनं तिला पोटाशी धरलं. आवाज फुटू नये म्हणून मी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. तो वळला. लंगडत नाही, पळत नाही, घाई नाही. उतरणीनं नदीत गेला, छातीभर पाण्यात थांबून खूप वेळ प्याला, आणि पलीकडं चढला.

तो दिसेनासा झाला तरी कुणी उठेना. मग हळूहळू सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. आता बाबासो बोलणार, अशी. एवढी माणसं, एवढं कान देऊन, माझ्यासमोर कधीच बसली नव्हती. मी उभा राहिलो. बायडाबाईला हात देऊन उठवलं आणि हळू आवाजात म्हणालो, चला, घरी जाऊ.

सगळी गेली.

उत्तर सवडीनं पाठव, पण पाठव. आमच्यावर जीव आहे तसाच राहू दे.

तुझा,
बाबासोमामा