मागच्या मडगार्डाचं माप

४ जानेवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर ओरडून माझा घसा बसतो, आणि पत्रा ठोकून बधिर झालेल्या तुमच्या कानांत काही शिरत नाही, म्हणून हे पत्र. शाळेने चाळीस दिवसांची रजा मंजूर केली! एप्रिलच्या पहिल्या सोमवारी मी आणि माझी मोटारसायकल, किनाऱ्याकिनाऱ्याने, रस्ता संपेपर्यंत. पंधरा वर्षं भूगोल फळ्यावर शिकवला, आता चाकाखालून शिकायचाय.

अडलंय ते मागच्या मडगार्डापाशी. कंपनीचं फायबरचं आहे; तंबू आणि दोन पेट्या लादल्या की तडकेल, असं मेकॅनिक म्हणतो. बाजारात दोन तऱ्हा पाहिल्या. एक आखूड, शेपटी छाटल्यासारखं. दिसायला झोकदार, पण रस्त्यावरचा सगळा चिखल माझ्या पाठीवर. दुसरं लांब, पण पत्रा कागदासारखा. म्हटलं, घरात कारागीर असताना दुकानांचे उंबरे कशाला झिजवा? मापं सोबत आहेत.

मामांना नमस्कार. माया असू द्या, आणि पत्रा जाड असू द्या.
तुमची भिंगरी

१७ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामाने वर्कशॉपभर वाचून दाखवलं. आखूड मडगार्ड ही मिरवायची वस्तू. लांबच्या वाटेला लांबच घ्यावं. चाकाच्या मध्यापर्यंत खाली उतरवतो, कडा आत दुमडतो, आणि पेट्यांसाठी खालून आडवी पट्टी देतो. रंगाचं तू बघ, मला विचारशील तर सगळं काळंच होईल.

चाळीस दिवस एकटीने म्हणजे फार झाले. पण तू विचारलं नाहीस, म्हणून मी बोलत नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
बाबा

१२ फेब्रुवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

मडगार्ड पोचलं. काय देखणं झालंय! वरून हात फिरवला तर हातोड्याचा एक व्रण लागत नाही. शिपायापासून हेडबाईंपर्यंत सगळ्यांना दाखवून आले.

पण मागे ओझं लादलं की टायर आतून घासतो. दोन बोटं जागा कमी पडतेय. चूक माझीच, धरताना टेप सरकला असणार. मेकॅनिक म्हणाला, की कारागिराची लेक आणि मापात कच्ची! नवी मापं पाठवतेय. तुम्हाला पुन्हा कष्ट. रागावलात तरी लोभ कमी करू नका.

भिंगरी

१५ मार्च

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

दुसरं मडगार्ड आलं, आणि तेही घासतं. शिवाय एका बाजूची बोल्टची भोकं अर्धा इंच पुढे. बाबांनी चिठ्ठी लिहिलीय, की आताशा डोळ्यांना नीट दिसत नाही, वयाचा दोष. हातोडा खाली ठेवून ते नुसते कसे बसतील हो?

मी प्रवास रद्द केलाय. रजेत त्यांच्या उपचाराचं बघते. तोवर त्यांच्या नकळत डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्याल का? माझ्या प्रवासाचं मात्र त्यांच्याकडे काढू नका, उगाच मनाला लावून घेतील.

तुमचा आधार असाच राहो.
भिंगरी

२२ मार्च

चि. भाचीबाईस,
आशीर्वाद.

हे पत्र दाजींपासून लपवून लिहितोय. डॉक्टर नको. परवाच त्यांनी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवून माझ्या शर्टाला बटण लावून दिलं.

तुझ्या मापात कधीच खोट नव्हती. दोन्ही वेळा पत्रा मी आखला, बरोबर आखला. दोन्ही वेळा दाजींनी माझी रेघ पुसून दोन बोटं आत दुसरी ओढली. मी विचारलं तर म्हणाले, की यातच रजा निघून जाईल, पोरगी घरी राहील. वाटेत काही झालं तर, असंही मी म्हटलं; त्यावर म्हणाले, की ओझं लादून ती आधी गल्लीतच तपासेल, तिला मीच शिकवलंय. मी गप्प बसलो, हा माझा गुन्हा. पण तू प्रवास रद्द केलास हे वाचलं आणि जेवण सोडून लिहायला बसलो.

मामावर राग धरलास तरी चालेल.
मामा

२८ मार्च

बाबा,

तुम्हाला नीट दिसतं, हे कळलं. बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

जाऊ नकोस म्हणाला असतात, तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित गेलेही नसते. ते न म्हणता तुम्ही माझं माप खोटं पाडलंत. महिनाभर मी स्वतःला वेंधळी म्हणत होते. तेवढ्याने भागेना म्हणून डोळे पुढे केलेत. आठवडाभर मी शाळेतून आले, की डोळ्यांना रुमाल बांधून घरात चालून बघत होते, तुम्हाला कसं वाटत असेल ते कळावं म्हणून. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

परक्याने फसवलं असतं तर तुमच्यापाशी येऊन सांगितलं असतं. आता कुणाकडे जाऊ?

तुमची मुलगी

५ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुझं सगळं खरं आहे.

चाळीस वर्षं मी आपटलेल्या गाड्या सरळ करतोय. एखादीत चप्पल अडकलेली असते, एखादीत ओढणी. ती सोडवून बाजूला ठेवतो, पत्रा ठोकतो, रंग देतो. गाडी नव्यासारखी होते, पण न्यायला कितीदा दुसराच कोणी येतो. तुझी मापं आली आणि समोरची प्रत्येक गाडी मला तुझी दिसायला लागली. बाप घाबरलाय, एवढं लिहायला हात धजला नाही. खोटं करायला धजला.

तिसरं मडगार्ड पाठवतोय. मामाने आखलं, मी त्याच रेघेवर कापलं. बसव नाहीतर भंगारात दे. माफी मागतो, दिलीच पाहिजेस असं नाही.

बाबा

१४ एप्रिल

ती. बाबांना,
नमस्कार.

मडगार्ड मिळालं. मेकॅनिक लगेच बोल्ट घेऊन वाकला, तेव्हा मी त्याला थांबवलं आणि टेप मागितला. रुंदी मोजली, खोली मोजली, एकेका भोकाचं अंतर मोजलं. सगळं पुन्हा मोजलं. सूतभरही चूक नाही. तो हसून म्हणाला, की वडिलांनी केलेलं कुणी मोजून घेतं का? मी टेप गुंडाळून त्याच्या हातात दिला.

बसवलंय, घासत नाही. रजेतले काही दिवस वाया गेले. तेवढा किनारा कमी होईल. उद्या सकाळी निघते. प्रत्येक मुक्कामाहून दोन ओळी टाकीन, कारण तुमची भीती खरी आहे, ती मी मानते.

लोभ तुटलेला नाही. पण बाबा, आजवर मीही कधी मोजलं नव्हतं.

भिंगरी