विसामच्या मृत्यूची साक्ष

मी, मुन्सिफ बिन सालिम, वय एकाहत्तर, राहणार जर्जिस, तत्त्वज्ञानाचा निवृत्त शिक्षक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. फुप्फुसं निकामी झाली आहेत. डोकं शाबूत आहे.

१. घर व जैतुनाची बाग यांची वाटणी कायदा करील. पुस्तकं शाळेला द्यावीत. शाळेने ती कुलपात ठेवू नयेत.

२. माझा एकुलता मुलगा विसाम इटलीला जाणाऱ्या होडीत बसला, त्यानंतर त्याची खबर नाही. कोर्टाने त्याला मृत ठरवलं, तर माझ्या वारशात माझा धाकटा भाऊ तिजानी येतो. म्हणून गेल्या हिवाळ्यात तिजानी एका कोळ्याला घेऊन आला. विसामचं प्रेत आपण डोळ्यांनी पाहिलं, असं त्या माणसाने शपथेवर सांगितलं.

"हातावरची भाजल्याची खूण दिसली?" मी विचारलं.

"दिसली की! ही एवढी."

विसामच्या हातावर कसलीही खूण नव्हती. मी दोघांना बाहेर काढलं.

"दादा, तो गेलाय हे तुम्हालाही ठाऊक आहे," तिजानी दारातून ओरडला. "मग हा खोटं काय बोलला?"

विसाम गेला, हे कोळ्याचं म्हणणं बहुधा खरंच होतं. पण त्याला ते माहीत नव्हतं. न पाहिलेलं पाहिलं म्हणणाऱ्याच्या तोंडून मला माझ्या मुलाचं मरण नको. तिजानीने माझ्या जनाज्याला खांदा देऊ नये.

३. साक्ष खोटी पडली तशी माझी पत्नी मब्रूका हरखली. विसाम जिवंत असल्याचा तिला तो पुरावाच वाटला. तिने त्याची गादी उन्हात घातली.

"अगं, एक माणूस खोटारडा निघाला, एवढंच कळलं," मी म्हणालो. "विसामबद्दल काहीच कळलं नाही."

"तुम्हाला मुलगा हवाय, की बरोबर ठरायचंय?"



४. विसाम बुडाला, असं मी मानतो. तरीही मब्रूका हयात असेपर्यंत त्याला मृत ठरवण्याचा अर्ज कोणीही करू नये. त्याचा हिस्सा राखून ठेवावा.

हे कलम मी तिला वाचून दाखवलं.

"पहिलं वाक्य खोडा," ती म्हणाली.

"नाही खोडणार. मला तसंच वाटतं."

तिने त्या वाक्याखाली बोट ठेवलं. मग म्हणाली, "तर खाली लिहा, बायकोला हे मान्य नाही म्हणून."

पत्नी मब्रूका हिला हे मान्य नाही.

(सही) मुन्सिफ बिन सालिम

वरील सही आम्हां दोघांच्या डोळ्यांदेखत झाली:
रिदवान बिन अमार, औषधविक्रेता
नाइमा बिन्त जलूल, माजी मुख्याध्यापिका

जर्जिस, १४ मार्च २०२३